फोटोतलं काय बदलायचं, काय नाही

बार्शीत एसटी स्टँडवरून पांडे चौकाकडे पायी निघालात, की चालत्याबोलत्या माणसांइतकेच फ्लेक्सवरचे चेहरे भेटतात. वाढदिवस, निवड, क्लासचा निकाल, नवीन शोरूम, एन.ए. प्लॉटची स्कीम, पुण्यस्मरण. यातला एकही फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसा छापलेला नसतो. कुणाचा चेहरा उजळलेला असतो, कुणाच्या मागची भिंत काढून तिथे ढग आणलेले असतात, कुणी आयुष्यात कधी न भेटलेल्या नेत्याच्या शेजारी हात जोडून उभा असतो. हे काम मुंबईच्या एखाद्या मोठ्या एजन्सीचं नाही. गावातल्याच डीटीपीच्या दुकानात, गावातल्याच पोरानं, रात्री व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोवरून सकाळच्या आत उरकलेलं ते काम असतं.

म्हणून जाहिरातीतल्या आणि बातमीतल्या बदललेल्या चित्रांचा प्रश्न आपल्याच पेठेतला समजून बोलायला हवं. डिझायनर, स्टुडिओवाले, दुकानदार, क्लासचालक, प्लॉट विकणारे, तालुक्याच्या बातम्या देणारे पत्रकार यांच्यासाठी हे लिहितो आहे. आणि ही चित्रं बघून ज्यांचा खिसा रोज हलका होतो, त्या आपल्या सगळ्यांसाठीही.

माझ्या मते एकच कसोटी पुरेशी आहे. समोरचा माणूस फोटोतल्या ज्या गोष्टीवर भरवसा ठेवून निर्णय घेणार आहे, ती गोष्ट बदलायची नाही. बाकीची खुशाल बदला.

बाजार समितीतलंच उदाहरण घ्या. अडतीवर ज्वारी उतरली, की तळहातावर मूठभर दाणे घेऊन त्याचा फोटो पुण्याच्या किंवा लातूरच्या व्यापाऱ्याला जातो. ज्वारीचा भाव ठरतो तो दाण्याच्या पांढरेपणावर आणि टपोरेपणावर. अवकाळीत भिजून माल काळवंडला असेल, तर भाव पडतो. आता फोनमधला एखादा फिल्टर लावला की तोच दाणा मोत्यासारखा दिसतो. भाव ठरतो, गाडी भरते, आणि माल तिकडे उतरल्यावर भांडण लागतं. त्यात शेवटी कुणाचे पैसे कापले जातात हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. याच फोटोतून मागचा पोत्यांचा ढीग काढून टाका, हात कापून घ्या, अडतीचं नाव टाका, कुणाचंच काही बिघडत नाही. दाण्याच्या रंगाला मात्र हात लावायचा नाही, कारण सौदा त्याच्यावर आहे. साडीच्या दुकानाच्या जाहिरातीला हेच लागू. मागे हवा तर राजवाडा दाखवा, पण साडीचा रंग आणि काठ दुकानात आहेत तेच असू द्या.

इथे एक अडचण येते ती सांगून टाकतो. आजकालचे बरेच फोन विचारल्याशिवायच रंग भडक करतात, कातडी गुळगुळीत करतात, आकाश निळं करतात. आपण काही केलं नाही तरी फोटो बदललेला असतो. त्यावर उपाय सोपा आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ब्यूटी मोड आणि आपोआप सजवणारे पर्याय बंद करा. मालाचा फोटो उन्हात एक आणि सावलीत एक असा दोनदा काढा. शेजारी पांढरा कोरा कागद ठेवा. समोरच्याला कागद पांढरा दिसला, तर दाण्याच्या खऱ्या रंगाचा त्याला बराच अंदाज येतो.

फोटोला हात लावणं काही नवं नाही. काचेच्या निगेटिव्हच्या काळातही स्टुडिओत बारीक टोकाची पेन्सिल घेऊन बसलेला रिटचर असायचा. चेहऱ्यावरचे देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं तो भरून काढायचा. काळ्यापांढऱ्या फोटोंना हातानं रंग दिले जायचे. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय करत होते, आणि लोणावळ्याच्या रविवर्मा छापखान्यातही त्यांनी काम केलं. कॅमेऱ्याच्या करामती त्यांनी मनापासून शिकून घेतल्या आणि पडद्यावर दाखवल्या. पण पडद्यावरचा चमत्कार बघायला लोक तिकीट काढून येत, करामत बघायचीच म्हणून येत. १९९० साली फोटोशॉप बाजारात आलं आणि रिटचरचं कसब संगणकावर गेलं. आता ते कसबही लागत नाही. फोनला मराठीत एक वाक्य सांगितलं, की हवा तसा फोटो मिळतो. बदल करणं सोपं झालं आणि झालेला बदल ओळखणं अवघड झालं. जबाबदारी वाढली आहे ती त्यामुळे.

आता चेहऱ्याकडे येऊ. डीटीपीच्या काउंटरवर दिवसातून कितीदा तरी ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "दादा, जरा गोरा करा की फोटो." वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नवरदेवासारखं दिसावं ही हौस असते. त्यात कुणाचं नुकसान नाही, करा. पण तीच मागणी मुलीच्या बायोडाटाच्या फोटोसाठी येते तेव्हा थांबायला हवं. आई शेजारी उभी असते, मुलगी फोनमध्ये डोकं घालून बसलेली असते आणि आई हळूच म्हणते, "रंग थोडा उजळ दिसू द्या, पाहुणे फोटो बघूनच नाही म्हणतात." तिची काळजी खरी आहे. पण फोटोत रंग बदलला की नकार टळत नाही. तो फक्त फोटोवरून बघण्याच्या कार्यक्रमात जातो, आणि तिथे तो मुलीला समोर बसून ऐकावा लागतो. शिवाय, आहे तो रंग दाखवण्यासारखा नाही, हे आपण तिच्या देखत तिला सांगून बसतो. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त टोचतं ते हेच.

त्या आईला काय सांगायचं? बहुतेक वेळा दोष मुलीच्या रंगाचा नसतो, उजेडाचा असतो. घरातल्या ट्यूबखाली काढलेल्या फोटोत चेहरा हिरवट, काळपट येतो. पाठीमागे खिडकी आणि पुढे माणूस असेल, तर कॅमेरा खिडकीचा उजेड मोजतो आणि चेहरा अंधारात जातो. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास खिडकीकडे तोंड करून, भिंतीपासून चार पावलं पुढे बसवून फोटो काढा. आधी हातात पांढरा कागद धरून एक फोटो घ्या आणि संगणकावर त्या कागदावरून रंग जुळवून घ्या, ज्याला आपण व्हाइट बॅलन्स म्हणतो. चेहरा आहे तसा आणि छान दिसतो. त्या दिवशी आलेली पुटकुळी काढायला हरकत नाही, ती आठवड्यात जाणारच असते. जन्मखूण, रंग, नाकाची ठेवण, अंगाचा बांधा तसाच ठेवा. मुलांच्या बायोडाटालाही हाच नियम. मागे सरकलेले केस फोटोत पुढे आणायचे नाहीत.

हा गोरेपणाचा नाद आपल्या मनात आपोआप उगवला नाही. वर्षानुवर्षं जाहिरातींनी एकाच मुलीचे दोन फोटो शेजारीशेजारी दाखवले. आधीचा काळवंडलेला, खाली मान घातलेला. नंतरचा उजळ आणि हसरा. जाहिरात क्षेत्रानं स्वतःच्या नियमनासाठी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या आस्की या संस्थेनं २०१४ मध्ये या जाहिरातींसाठी खास नियम केले. सावळ्या रंगाचा माणूस दुःखी, मागे पडलेला, लग्नात किंवा नोकरीत नाकारलेला असा दाखवायचा नाही, आणि 'आधी'च्या फोटोत मॉडेलचा चेहरा मुद्दाम उदास करायचा नाही, असं त्यात आहे. २०२० मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरनं आपल्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातला गोरेपणाचा शब्दच काढून टाकला. आपल्या गावातल्या ब्यूटी पार्लरच्या फ्लेक्सवर मात्र अजून तेच दोन चेहरे असतात, आणि बहुतेकदा ते इंटरनेटवरून उचललेल्या, बार्शीत कधी पाऊल न ठेवलेल्या परदेशी बाईचे असतात. पार्लरवाल्या ताईंना माझं सांगणं एवढंच, की तुमच्या हातात कला आहे. तुमच्याच एखाद्या गिऱ्हाइकाचा, तिला विचारून, तिच्या लेखी होकारानं, एकाच जागी एकाच उजेडात काढलेला फोटो लावा. गावातल्या बायकांना ओळखीचा चेहरा जास्त पटतो.

परदेशातही ही भांडणं झाली आहेत. २०११ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकानं ज्युलिया रॉबर्ट्स आणि क्रिस्टी टर्लिंग्टन यांच्या सौंदर्यप्रसाधनांच्या दोन जाहिराती थांबवल्या. प्रसाधनामुळे किती फरक पडला आणि संगणकामुळे किती, हे कंपनीला दाखवता आलं नाही हे त्याचं कारण. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड करून छापलं, तर फोटो बदललेला आहे असं जाहिरातीवरच लिहावं लागतं. ब्रिटनच्या निर्णयातून आपल्या डिझायनरांनी घेण्यासारखी गोष्ट म्हणजे मूळ फोटो जपून ठेवणं. कुणी विचारलं तर दाखवायला तोच एक पुरावा आपल्या हाती असतो.

औषधांच्या जाहिरातींत फसवणूक पैशांपुरती राहत नाही. तिथे जीव जातो. 'आधी' आणि 'नंतर'च्या फोटोंत गाठ नाहीशी झालेली, पोट आत गेलेलं, पांढरे डाग मिटलेले दाखवणारी पत्रकं आठवडी बाजारात आजही वाटली जातात, आणि व्हॉट्सअॅपवर तर त्यांना सुमार नाही. बार्शीकरांनी तरी याला भुलू नये, असं मला मनापासून वाटतं. आपल्या गावात नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांतून कर्करोगाच्या रुग्णांची नोंद ठेवणारी देशातली पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ मध्ये इथूनच सुरू झाली. पुढे १९९९ पासून शेजारच्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आणि बार्शीच्या डॉक्टरांनी मिळून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा केला. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्ही या विषाणूची एक तपासणी झालेल्या बायकांमध्ये त्या रोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये जगापुढे मांडलं गेलं. उपचारानं किंवा तपासणीनं फरक पडला हे सिद्ध करायला एवढं करावं लागतं. आणि पत्रकावरचे दोन फोटो? ते दोन वेगळ्या माणसांचे असू शकतात. एकाच माणसाचे असले, तरी नंतरचा फोटो आधी काढलेला असू शकतो. उजेड, पोट आत ओढणं, मान वळवणं एवढ्यावरही दोन फोटोंत जमीनअस्मानाचा फरक दिसतो, संगणकाची गरजही लागत नाही. म्हणून रोगावरच्या जाहिरातीतल्या 'आधी-नंतर' फोटोंना पुरावा म्हणून शून्य किंमत द्या.

छापणाऱ्यांनीही नीट ऐकावं. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा आहे. कर्करोग, मधुमेह अशा त्यातल्या यादीतल्या रोगांवर इलाजाचा दावा करणारी जाहिरात करणं गुन्हा आहे, आणि जाहिरात छापणं हेसुद्धा प्रसिद्धीत भाग घेणंच आहे असं तो कायदा म्हणतो. 'मी फक्त फ्लेक्स काढून दिला' हे उत्तर तिथे चालत नाही.

प्लॉटच्या जाहिरातीत वेगळाच मामला असतो. लातूर रस्त्याला किंवा कुर्डुवाडी रस्त्याला मोकळ्या काळ्या रानात चुना टाकून आखणी केलेली असते. फ्लेक्सवर मात्र डांबरी रस्ते, दुतर्फा अशोकाची झाडं, कारंजं, बागेत खेळणारी गोरीगोमटी मुलं. हे सगळं होणार असेलही. पण घेणारा माणूस कुठे तरी नोकरीत साठवलेले, नाहीतर आईचे दागिने मोडून आणलेले पैसे त्या चित्रावर टाकतो. स्थावर मालमत्तेच्या विक्रीसाठीचा रेरा कायदा २०१६ चा आहे. त्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि नुकसान झालं, तर विकणाऱ्यानं भरपाई द्यायची आहे. कल्पनाचित्र छापायला बंदी नाही, पण ते कल्पनाचित्र आहे हे स्पष्ट लिहा. कोपऱ्यात मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत खुलासा हवा, आणि तो दाव्याला खोडून काढणारा नसावा. जाहिरात मराठीत असेल तर खुलासाही मराठीतच. घेणाऱ्यानं फ्लेक्सवरचा महारेराचा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड बघावा. नोंदणी लागणाऱ्या प्रकल्पांच्या जाहिरातीत ऑगस्ट २०२३ पासून हा कोड सक्तीचा आहे. तो फोननं उघडून आत मंजूर नकाशा बघा, आणि मग एकदा दुपारच्या उन्हात स्वतः जाऊन त्या रानात उभे राहा. फ्लेक्सचा फोटो काढून ठेवा. उद्या तक्रार करायची वेळ आली तर तोच कामाला येतो.

क्लासच्या निकालाच्या फ्लेक्सबद्दल जून-जुलैत पालकांनी फार सावध राहावं. एकाच मुलीचा फोटो तीन वेगवेगळ्या क्लासच्या फ्लेक्सवर दिसतो. तिनं एका ठिकाणी वर्षभर शिक्षण घेतलेलं असतं, दुसरीकडे फक्त सराव परीक्षा दिलेली असते आणि तिसरीकडे सत्काराला गेलेली असते. फोटोतला चेहरा तोच आहे, कुणी रंगही बदललेला नाही. पण शेजारी आपलं नाव टाकून उरलेल्या दोघांनी खोटं सांगितलं आहे, कारण पालक फी भरतात ती ही मुलगी इथे घडली या समजुतीवर. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं १३ नोव्हेंबर २०२४ ला खास कोचिंग क्लाससाठी नियम काढले. निवड झाल्यानंतर विद्यार्थ्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय त्याचं नाव, फोटो वापरायचा नाही. फोटोशेजारी गुणक्रम, त्यानं कोणता कोर्स केला, तो किती दिवसांचा होता आणि त्याचे पैसे भरले होते का, हे सांगायचं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पालकांनी क्लासमध्ये गेल्यावर फ्लेक्सवरच्या एका फोटोवर बोट ठेवून सरळ विचारावं, "सर, ही मुलगी तुमच्याकडे कोणत्या बॅचला होती आणि किती महिने?" उत्तर द्यायला जितका वेळ लागेल, तितकं आपल्याला कळत जातं.

पत्रकारांसाठी कसोटी अधिक कडक हवी. बातमीच्या फोटोवर वाचक सगळ्याच गोष्टींसाठी भरवसा ठेवतो, त्यामुळे त्यात बदलण्यासारखं जवळपास काहीच उरत नाही. उजेड थोडा वाढवणं, कडा कापणं, एवढंच. कडा कापतानासुद्धा अर्थ बदलत नाही ना हे बघा. सभेला मोकळ्या खुर्च्या असतील आणि त्या कापून पुढच्या दोनच रांगा छापल्या, तर तो खोटा फोटो आहे, एकही ठिपका बदललेला नसला तरी. २००३ मध्ये इराक युद्धात लॉस एंजेलिस टाइम्सचे छायाचित्रकार ब्रायन वॉल्स्की यांनी काही सेकंदांच्या अंतरानं काढलेले दोन फोटो जोडून एक परिणामकारक फोटो केला. दोन्ही फोटो खरे होते. तरी त्यांची नोकरी गेली, आणि मला ते योग्य वाटतं.

२०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला, सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांत रानं पाण्याखाली गेली. अशा वेळी गटागटांतून फोटोंचा लोंढा येतो आणि त्यात जुने, दुसऱ्या राज्यांतले, यंत्रानं बनवलेले फोटोही मिसळून येतात. वार्ताहरानं काय करावं? फोटो पाठवणाऱ्याला सांगा, की फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव. व्हॉट्सअॅप साध्या फोटोतली वेळ-ठिकाणाची माहिती काढून टाकतं, डॉक्युमेंट म्हणून आला तर ती टिकते. गूगल लेन्सवर टाकून तो आधी कुठे आला आहे का बघा. फोटोतल्या दुकानाच्या पाट्या वाचा. यंत्रानं बनवलेल्या चित्रात मराठी अक्षरं काही वेळा मोडकी, अर्थहीन येतात. आणि गावच्या सरपंचाला किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याला एक फोन करा. खोटा फोटो छापून सहानुभूती वाढते असं वाटत असेल तर ते चूक आहे. एक फोटो खोटा निघाला की खऱ्या बुडालेल्या शेतकऱ्याच्या फोटोवरही पंचनाम्याच्या वेळी संशय घेतला जातो.

विकृत केलेलं चित्र काय करू शकतं याचं आपल्या जिल्ह्याला लागलेलं एक दुःख आहे. २०१४ मध्ये फेसबुकवर छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विकृत केलेली चित्रं पसरली आणि पुण्यात तणाव झाला. २ जूनच्या रात्री हडपसरमध्ये मूळच्या सोलापूरच्या, आयटीत नोकरी करणाऱ्या एका तरुणाला जमावानं मारून टाकलं. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. खटल्यातले सगळे आरोपी २०२३ च्या जानेवारीत निर्दोष सुटले. असं चित्र आपल्या फोनवर आलं, तर 'बघा काय चाललंय' म्हणूनसुद्धा पुढे ढकलू नका. निषेधासाठी पाठवलेलं चित्रही तितक्याच फोनवर पोहोचतं. स्क्रीनशॉट घ्या, कुठून आलं ते लिहून ठेवा, पोलिसांना द्या आणि आपल्याकडून ते तिथेच थांबवा.

गेलेल्या माणसाच्या फोटोबद्दल फारसं कुणी बोलत नाही, पण काउंटरवर हे रोज घडतं. पुण्यस्मरणाच्या फ्लेक्ससाठी आजोबांचा एकच फोटो घरात असतो, तोही लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत. डिझायनर तो कापून एआयवर 'एचडी' करतो. फोटो स्वच्छ येतो, आणि घरातली म्हातारी बघून म्हणते, "हे आमचे न्हाईत." ती बरोबर असते. धूसर ठिपक्यांत लपलेला चेहरा यंत्र शोधून काढत नाही, आजवर पाहिलेल्या लाखो चेहऱ्यांवरून अंदाजानं नवा चेहरा रचतं. डोळे बदलतात, दात येतात, गालावरचा खळगा भरतो. घरच्यांना आधी विचारा. फोटो लहान, पण खरा छापा, भोवती फुलांची चौकट मोठी करा. आणि हरवलेल्या माणसाच्या, मुलाच्या पत्रकावर तर असा 'सुधारलेला' फोटो कधीच वापरू नका. रस्त्यावर कुणी त्याला बघितलं तरी ओळखणार नाही. तिथे धूसर पण खराच फोटो हवा, आणि शेवटचं दिसला तेव्हा अंगावर कोणते कपडे होते तेही लिहा.

उद्या आपलाच चेहरा कुणी वापरला तर? जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमच्या अॅपची भलामण करतो आहे असा बनावट व्हिडिओ फिरला. त्यानं स्वतः तो खोटा असल्याचं जाहीर केलं आणि मुंबईत सायबर पोलिसांकडे गुन्हा नोंदला गेला. आशा भोसले यांच्या आवाजाची आणि प्रतिमेची परवानगीशिवाय नक्कल करण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये त्यांना संरक्षण दिलं. मोठ्या माणसांना वकील असतात. आपल्याकडे फोन आहे, तोही पुरतो. कर्ज देणारी अॅप हप्ता चुकला की बाईचा फोटो अश्लील चित्राला जोडून तिच्या ओळखीच्यांना पाठवतात, अशी प्रकरणं महाराष्ट्रभर झाली आहेत. तसं झालं तर पैसे देऊ नका, संदेश पुसू नका. सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावा. ज्या समाजमाध्यमावर चित्र आहे तिथे 'माझं बनावट चित्र' म्हणून तक्रार करा. २०२१ च्या नियमांत अशी चित्रं २४ तासांत काढायची होती, आणि फेब्रुवारी २०२६ मधल्या दुरुस्तीनं ही मुदत आणखी कमी झाली. यंत्रानं बनवलेल्या चित्रावर तसं लेबल हवं, हेही त्याच दुरुस्तीत आलं. आणि घरच्यांनी त्या मुलीला 'फोटो टाकलाच कशाला' असं विचारू नये. गुन्हा तिनं केलेला नाही.

शेवटी डीटीपीवाल्या भावांसाठी कामाच्या दोन-तीन गोष्टी. ऑर्डर घेतानाच चिठ्ठीवर लिहून घ्या, की फोटो कुणाचा, तो वापरायला त्याची परवानगी आहे का, आणि त्यात काय बदलायचं आहे. खाली गिऱ्हाइकाची सही घ्या. इंटरनेटवरून उचललेला अनोळखी चेहरा फ्लेक्सवर लावू नका, कुणाच्या तरी मुलीचा तो फोटो असतो. प्रत्येक कामाची मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, निदान वर्षभर ठेवा. संगणकात जागा कमी पडली की आधी तीच पुसली जाते, तसं करू नका. एखादं काम नाकारायची वेळ आली तर वाद घालत बसू नका, "हे मला जमणार नाही, पण उजेड नीट करून देतो" एवढं म्हणा, बहुतेक गिऱ्हाइकं ऐकतात. कातडी गुळगुळीत करायला एक क्लिक लागतो आणि खरा रंग जुळवायला अर्धा तास. त्या अर्ध्या तासाचे पैसे वेगळे लावा आणि बिलावर तसं स्पष्ट लिहा.